मित्रांसोबत खोल समुद्रात गळाची मासेमारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यावर बसून गळ टाकणं आणि बोटीने खोल पाण्यात जाऊन टाकणं, या दोन्हींत गळ सोडला तर फारसं साम्य नाही. बेत ठरायला लागला की ग्रुपवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. मासा पकडण्यापेक्षा माणसं, हवा आणि परत फिरणं यांवरच जास्त लिहिलंय, कारण ट्रिप बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच.

खोल समुद्र म्हणजे नक्की किती आत?

ठरलेला आकडा नाही. बोटीवर उभं राहिल्यावर डोळे पाण्यापासून 2 मीटरवर आहेत असं धरलं तर क्षितिज जेमतेम 5 किलोमीटरवर असतं. त्यामुळे सखल किनारा लवकर दिसेनासा होतो आणि नवख्याला आपण भलतेच आत आलो असं वाटायला लागतं. मासेमारीला अंतरापेक्षा खोली महत्त्वाची. कुठे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ शेकडो मीटर खाली जातो, तर कुठे दोन-तीन तास गेलं तरी पाणी उथळच.

बोटीवर सगळं सागरी मैलात चालतं. 1 सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे 1 नॉट. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, ‘तीस मैल’ म्हणाला तर ते जवळपास 56 किलोमीटर झाले. तेवढंच परतही यायचं असतं, हे निघताना कोणाच्या डोक्यात नसतं.

कितीजणांनी जावं?

चारजण उत्तम, सहा म्हणजे हद्द. बोटीवर दहाजण बसू शकतात असं सांगितलं तरी तो बसण्याचा हिशोब झाला, मासेमारीचा नाही. मागच्या डेकवर चारजण रॉड घेऊन उभे राहिले की पाचव्याचं कोपर कोणाच्या तरी बरगडीत जातं. आणि मासा लागला की बाकीच्यांना आपापल्या दोऱ्या वर घ्यायच्या असतात. तिथे गर्दी असली की गुंता ठरलेलाच.

कोणाला घेऊ नये?

‘एवढे पैसे भरलेत, आता परत कसं फिरायचं’ असं म्हणणाऱ्याला. बाकी सगळे चालतात: पोहता न येणारा, बोट लागणारा, आयुष्यात गळ हातात न धरलेला, अखंड बडबडणारा. पण खर्च वसूल करायला समुद्रात थांबू पाहणारा एक जरी माणूस असला तरी तो दर अर्ध्या तासाने तांडेलावर दबाव आणतो, आणि तांडेलही शेवटी माणूसच असतो.

परत फिरायचं कोण ठरवणार?

तांडेल. यावर मतदान होत नाही. आमच्यात आणखी एक नियम आहे: निघायच्या आधी कोणी ‘मी येत नाही’ म्हणाला तर त्याला कारण विचारायचं नाही, चिडवायचंही नाही.

परतीची वेळ किनाऱ्यावर असतानाच ठरवा. दुपारी दोन म्हणजे दोन, मग मासा खात असो की नसो. इंधनाचा जुना हिशोब तिसऱ्या हिश्शाचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. बोट भाड्याची असली तरी हा प्रश्न तांडेलाला सरळ विचारावा. चांगला तांडेल असल्या प्रश्नाने दुखावत नाही. दुखावला, तर तेही आधीच कळलेलं बरं. आणि किनाऱ्यावरच्या एका भरवशाच्या माणसाकडे बोटीचं नाव, कुठल्या दिशेला जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे लिहून द्या. ठरलेल्या वेळेला फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, हेही त्याला माहीत हवं.

हवामानाचा अंदाज कसा वाचायचा? फोनवर तर सूर्य दाखवतोय.

सूर्याचं चित्र समुद्रावर काही कामाचं नाही. बघायच्या गोष्टी तीन: वाऱ्याचा वेग, लाटेची उंची, आणि दोन लाटांमधलं सेकंदांतलं अंतर. तिसरी गोष्ट बहुतेकजण वगळतात, आणि खरा त्रास तीच देते. एक मीटरची लाट दहा सेकंदांनी येत असेल तर बोट नुसती अलगद वर-खाली होते. तीच एक मीटरची लाट चार सेकंदांनी येत असेल तर दिवसभर आपटत राहते, आणि संध्याकाळी कंबर बोलायला लागते.

अंदाजात दिलेली लाटेची उंची म्हणजे सर्वांत मोठी लाट नव्हे. सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दीड मीटर लिहिलेलं असेल तर दिवसभरात एखादी लाट त्याच्या दुप्पटही येऊ शकते, आणि त्यात अंदाज चुकला असं काही नाही.

वारा 7 ते 10 नॉट असेल तर पाण्यावर तुरळक पांढरे तुरे दिसतात. 11 ते 16 नॉटला ते सगळीकडे दिसायला लागतात. लहान बोट असेल तर मी 15 नॉटच्या अंदाजाला बेत पुढे ढकलतो. मोठ्या बोटीला हे काहीच नाही, पण त्यावरच्या माणसांना असू शकतं. वारा आणि प्रवाह समोरासमोर असतील तर लाटा उभ्या आणि आखूड होतात. खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून वारा असला की हे हमखास होतं. सकाळी गुळगुळीत असलेलं मुख दुपारी ओळखू येत नाही ते यामुळेच.

विजांचा ढग दूरवर दिसला तरी परत निघायचं. वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, साधारण तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. हल्लीचे रॉड कार्बन फायबरचे असतात आणि त्यातून वीज वाहते, तेव्हा उभे रॉड आडवे करून ठेवा.

मला बोट लागते. मी येऊ का?

या, पण तयारीने. डोळ्यांना बोटीचा डेक स्थिर दिसतो आणि आतल्या कानाला सगळं हलतंय असं कळतं. या दोन बातम्या जुळत नाहीत म्हणून मळमळतं. त्यात नाजूकपणाचा संबंध नाही, जन्म समुद्रावर काढलेल्यांनाही बोट लागते.

गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, पोटात टिकतच नाही. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन यांतली जी डॉक्टर सांगतील ती निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी कमीत कमी चार तास आधी लावावी लागते. यातल्या बहुतेक औषधांनी झोप आणि तोंडाला कोरड येते, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर काही औषधं चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांना विचारणं वरवरचं समजू नका. नवीन गोळी आधी घरी सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, आपल्याला किती पेंगवते ते कळतं.

बोटीवर मधोमध किंवा मागच्या बाजूला, खाली बसा. टोकाला हेलकावा सर्वांत जास्त. नजर क्षितिजावर ठेवा, फोन खिशात. केबिनमध्ये जाऊन आडवं व्हावंसं वाटतं, पण तिथे गेलात की क्षितिज जातं आणि डिझेलचा वास तेवढा उरतो. रिकाम्या पोटी येऊ नका आणि तेलकट खाऊनही येऊ नका. ओकारी आलीच तर वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला, आणि कोणीतरी मागून पट्टा धरलेला असताना. एकदा मोकळं झाल्यावर पाणी घोट घोट घ्या.

आणि बाकीच्यांनी विनोद बंद ठेवावेत. पहिल्या तासात सगळ्यांत जास्त हसणाराच तिसऱ्या तासाला कठड्याला लोंबकळत असतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पोहता येत नाही, चालेल?

चालेल. खोल समुद्रात बोटीबाहेर पडल्यावर पोहण्यापेक्षा तरंगणं जास्त उपयोगाचं, आणि तरंगवतं ते लाइफ जॅकेट. ते अंगावर हवं, बाकाखाली नाही. आपोआप फुगणारं जॅकेट असेल तर गॅसची नळी वापरलेली नाही ना आणि घट्ट बसवलीय ना, हे निघण्याआधी उघडून बघा. मांड्यांमधून जाणारा पट्टा नसला तर पाण्यात जॅकेट कानापर्यंत वर सरकतं. पाणी गार असेल तर पहिलं मिनिटभर माणसाला आपोआप धापा लागतात. त्या मिनिटात काहीही करायला जायचं नाही, फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास आवरायचा.

कोणी पडलंच तर एकाने ओरडायचं आणि त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. लाटांत माणसाचं डोकं एकदा नजरेतून सुटलं की पुन्हा सापडणं महाकठीण. दुसऱ्याने तरंगणारी रिंग फेकायची, तिसऱ्याने जीपीएसवर जागा नोंदवायची. त्याच्याजवळ पोहोचल्यावर इंजिन न्यूट्रलमध्ये. ही कामं कोणाची, हे निघतानाच वाटून घ्या.

फोनला रेंज असते का?

नाही असंच धरून चला. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ हवा आणि तांडेलाशिवाय निदान एकाला तो चालवता यायला हवा. चॅनेल 16 हा संकटाचा चॅनेल. जिवावर बेतलं असेल तर ‘मेडे’ तीनदा, मग बोटीचं नाव, जागा, काय झालं, किती माणसं. नव्या संचांवर झाकणाखाली लाल बटण असतं. ते दाबून धरलं की चॅनेल 70 वर डिजिटल संदेश जातो, आणि संच जीपीएसला जोडलेला असेल तर जागेसकट. खूप आत जाणार असाल तर 406 मेगाहर्ट्झचा, उपग्रहाला संदेश देणारा बीकन सोबत हवा. तो आधी नोंदवलेला नसेल तर मदत निघायला उगाच वेळ जातो.

परवाना लागतो का?

जागेगणिक नियम वेगळे. माशाची किमान लांबी, माणशी किती मासे, बंदीचा काळ, राखीव क्षेत्र, हे सगळं तिथल्या मत्स्य खात्याकडून त्याच मोसमात तपासून घ्या. बोटवाल्याकडे परवाना असला म्हणजे तो तुम्हालाही लागू होतोच असं नाही.

स्वतःचे रॉड-रील आणावेत का?

पहिल्यांदा येताय तर नको. बोटीवरचेच वापरा, आपल्याला काय आवडतं ते तिथे कळतं. आणणारच असाल तर महागड्या रीलपेक्षा गाठी शिकण्यावर वेळ घाला. मासा सुटतो तो अनेकदा गाठीत. गाठ आवळण्याआधी ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतं.

वेणीची दोरी म्हणजे ब्रेड जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे शंभर मीटर खालची टोचणीही हाताला कळते. नायलॉनची मोनो दोरी चांगली ताणली जाते आणि झटका सोसते. म्हणून तळाच्या माशाला ब्रेड आणि बोट चालवत ओढायच्या आमिषाला मोनो, असा सोपा हिशोब. लीडर, म्हणजे गळाआधी शेवटी जोडायचा दोरीचा तुकडा, फ्लुओरोकार्बनचा असेल तर पाण्यात कमी दिसतो आणि घासणंही जास्त सोसतो. सुरमईसारखा दातेरी मासा अपेक्षित असेल तर तारेचा तुकडा लावा, नाहीतर गळासकट सगळं कापून नेतो.

ड्रॅग, म्हणजे दोरी किती जोराने ओढल्यावर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, हाताच्या अंदाजाने लावू नका. साधा ताणकाटा घ्या, दोरी जितक्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते एक तृतीयांश वजनाला दोरी सुटू लागेल असा लावा. किनाऱ्यावरच, शांतपणे.

मासे कुठे आहेत हे तांडेलाला कसं कळतं?

जादू नाही, पण डोळे लागतात. पाण्यावर झेपावणारे पक्षी म्हणजे खालून कोणीतरी लहान माशांना वर ढकलतंय. तरंगणारं लाकूड किंवा शेवाळाचा लांब पट्टा दिसला की त्याच्या सावलीत माही-माही मासा असण्याची शक्यता मोठी. दोन रंगांचं पाणी जिथे मिळतं ती रेघ, तापमान अचानक बदलतं ती जागा, तळावरचा उंचवटा किंवा बुडालेलं जहाज, या सगळ्या ठिकाणी लहान मासा गोळा होतो आणि त्यामागे मोठा.

आमिष ओढायचं असेल तर बोट साधारण 6 ते 9 नॉटने चालते. खरा मासा आमिष म्हणून लावला असेल तर आणखी हळू. वाहू माशासाठी काहीजण 12 नॉटच्या वर जातात. मधल्या काळात तासभर काहीही होत नाही, आणि याच वेळी लोक फोन काढतात.

मासा लागल्यावर काय करायचं?

आधी आवाज येतो. होल्डरमधला रॉड कमानीसारखा वाकतो आणि रीलची करकर एकदम किंचाळी होते. मोठा टूना असेल तर काही सेकंदांत शे-दीडशे मीटर दोरी जाते, रीलवरचा थर डोळ्यांदेखत बारीक होतो. या वेळी हँडल फिरवू नका. ड्रॅग घट्ट करायचा मोह तर मुळीच नको. पळू द्या. दोरीला अंगठ्याने थांबवायला गेलात तर कातडी जाईल.

दोरी जाणं थांबलं की मग काम सुरू. रॉड सावकाश वर उचला, खाली आणताना दोरी गुंडाळा. पुन्हा उचला, पुन्हा गुंडाळा. खाली आणतानाही दोरी ढिली पडता कामा नये. रॉड सरळ उभा धरायचा नाही, तो टोकाशी मोडतो. पाठीने ओढू नका, गुडघे किंचित वाकवून पायांवर जोर घ्या. टूना बोटीखाली आला की गोल गोल फिरायला लागतो. दंड थरथरतात, आणि मासा मात्र त्याच खोलीवर असतो. शेवटी पाण्यात हिरवट-चंदेरी झळक दिसते. बरेच मासे सुटतात ते इथेही, कारण बोट दिसल्यावर तो आणखी एकदा पळतो आणि सगळे एकदम ओरडतात. गॅफ, म्हणजे मासा वर ओढायचा दांड्याचा आकडा, एकाच्याच हातात हवा, आणि लीडर पकडणाऱ्याने तो हाताला गुंडाळून गाठ मारायची नाही. मासा खाली गेला तर माणूसही जातो.

गळ गोल वळवलेला, म्हणजे सर्कल हुक असेल तर एक सवय मोडावी लागते: झटका मारायचा नाही. नुसतं गुंडाळत जायचं, तो जबड्याच्या कोपऱ्यात आपणच बसतो. झटका मारलात तर माशाच्या तोंडातून अलगद बाहेर येतो.

दमलो तर रॉड मित्राकडे दिला तर चालतो?

मजेसाठी आलात तर खुशाल द्या. विक्रमाची स्वप्नं असतील तर नाही. या खेळाच्या जागतिक नोंदी ठेवणारी आयजीएफए ही संस्था 1939 साली सुरू झाली. तिच्या नियमानुसार मासा लागल्यापासून रॉड, रील किंवा दोरीला दुसऱ्याचा हात लागला की नोंद बाद, फक्त शेवटी लीडर दुसऱ्याने धरलेला चालतो. अल्फ्रेड ग्लासेल यांनी 1953 साली पेरूमधल्या काबो ब्लांकोजवळ 1,560 पौंडांचा, म्हणजे 700 किलोंहून जड ब्लॅक मार्लिन धरला, तोही गळानेच. आमच्या ग्रुपचं म्हणाल तर रॉड चार हातांतून फिरतो आणि मासा मात्र पहिल्याच्या नावावर लागतो. यावरची भांडणं किनाऱ्यापर्यंत पुरतात.

मासा सोडायचा असेल तर?

लवकर आणा, पाण्यातच ठेवा, हात ओले करून धरा. मार्लिन, सेलफिश यांना फोटोसाठी डेकवर ओढू नका. तळातून आणलेल्या तांबोशीसारख्या माशांचं वेगळं. वर येताना दाब कमी होतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात आणि तोंडातून फुगा दिसतो. तो फुगा म्हणजे त्याचं जठर, ते टोचू नका. जबड्याला चिमटा लावून वजनाने पुन्हा खोलवर नेऊन सोडणारं साधन मिळतं, ते ठेवा. आणि तळाचे खाण्यापुरते मासे झाले की तिथली मासेमारी थांबवावी, कारण सोडलेले सगळे जगत नाहीत.

ठेवलेल्या माशाचं लगेच काय करायचं?

लगेच मारा, कल्ल्यांजवळ कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात घाला. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ आणि समुद्राचं पाणी यांचा गारेगार काला चांगला. तो शून्याच्याही किंचित खाली जातो आणि माशाला सगळीकडून लागतो.

यात आळस करू नका. टूना, माही-माही, बांगडा या माशांत उष्णतेने जिवाणू वाढून हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ येतं. शिजवल्याने ते जात नाही, आणि मासा दिसायला-वासाला चांगलाच असू शकतो. उन्हात डेकवर फोटोसेशन चालू असतं तेव्हा हेच घडत असतं.

कोणत्या माशांपासून जपायचं?

ओळखीचा नसेल तर हात लावू नका. फुगणारा मासा खायचा नाही, त्यातलं टेट्रोडोटॉक्सिन शिजवूनही जात नाही. प्रवाळाच्या भागातले मोठे बाराकुडा आणि ग्रूपर यांत सिग्वाटेराचं विष असू शकतं, त्यालाही वास-चव नाही. लायनफिश किंवा स्टोनफिशचा काटा टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास तो भाग बुडवून ठेवतात, वेदना कमी होते. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, धड हाताने घ्या. मग डॉक्टर.

गळ बोटात घुसला तर?

गळाच्या टोकाचा उलटा काटा आत गेला नसेल तर गळ आला तसा मागे काढता येतो. आत गेला असेल तर दोरी कापा, गळ हलणार नाही असा बांधा आणि परत चला. डोळा, चेहरा, मान यांना लागला असेल तर कोणीही हात लावायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. कापणारी भक्कम पक्कड आणि पोलराइज्ड चष्मा सोबत हवाच. चष्मा पाण्यात बघायला जितका, तितकाच उडून येणाऱ्या शिशाच्या वजनापासून डोळा वाचवायला.

बिअर?

किनाऱ्यावर परतल्यावर.

बोटीवर टॉयलेट असतं का?

बुकिंगच्या वेळी विचारा, लाजू नका. ‘आहे’ म्हणाले तर दार लागतं का, हेही विचारा. नसेल तर काय करायचं ते निघण्याआधी बोलून घ्या. बायका-पुरुष एकत्र असतील तर जास्तच. कठड्यावर उभं राहून उरकणं हे बोटीतून पडण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

खर्च आणि मासे कसे वाटायचे?

खर्च समान, मासेही समान, पकडले कोणीही असोत. मासा कोणाच्या रॉडला लागतो यात कसबापेक्षा रॉड कुठल्या कोपऱ्यात होता याचा भाग मोठा. हवेमुळे बेत रद्द झाला तर आगाऊ रक्कम परत मिळते का, आणि ते कोण ठरवतं, हे लेखी घ्या. एका बोटवाल्याने आम्हाला ‘हवा तर चांगली होती’ म्हणून पैसे नाकारले होते, त्या दिवशी बंदरातून एकही बोट बाहेर पडली नव्हती. काही ठिकाणी पकडलेला मासा बोटीचा असतो, तेही आधीच विचारा.

काहीच लागलं नाही तर?

होतं तसं. तांडेलाला दोष देऊ नका, पुढच्या वेळी त्याच्याचकडे जायचं असतं.

परत आल्यावर काय राहतं?

सगळ्यांना आंघोळीची घाई असते, पण आधी सामान. रील आणि रॉडवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा नको, त्याने मीठ आत ढकललं जातं. धुताना ड्रॅग घट्ट ठेवा म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाही, आणि पुसून वाळवल्यावर पूर्ण ढिला करून ठेवा, नाहीतर चकत्या दबून चिकटतात. लीडरवर बोट फिरवा, खरखरीत लागला तर तेवढा कापून टाका. वापरलेले गळ गंजायच्या आत वेगळे काढा. आणि ज्याला माहिती लिहून दिली होती त्याला पोहोचल्याचा फोन करा, तो बिचारा अजून जागा असतो.